‘टेन्शन’ म्हणजे नेमकं काय? एका शब्दातून दहा शब्द वेगळे काढायच्या पायऱ्या

नववीच्या वर्गाला ‘माय फादर’ या विषयावर इंग्रजीत आठ ओळी लिहायला दिल्या होत्या. वह्या तपासायला घेतल्या तर चार वह्यांत एकच वाक्य होतं, ‘माय फादर हॅज टेन्शन.’ कॉपी केली असेल असं आधी वाटलं, पण चौघं वेगवेगळ्या बाकांवर बसणारी होती. मधल्या सुट्टीत एकेकाला बोलावून विचारलं, “कशाचं टेन्शन रे बाबाले?”

पहिला म्हणाला, “सोसायटीचं कर्ज थकलं, मॅडम.” दुसरी म्हणाली, “ताईले पाहुणे पाहून गेले, पंधरा दिवस झाले, निरोपच नाही.” तिसरा म्हणाला, “बाबा राती जागलीले जाते वावरात, जंगलात वाघ हाये.” चौथी म्हणाली, “बाबाले बीपी हाये. डॉक्टर म्हनले हायपर टेन्शन हाये, मंग टेन्शनच झालं नं?”

चार घरं, चार गोष्टी आणि शब्द एकच. तूर, सोयाबीन आणि सरकी एकाच पोत्यात भरून बाजार समितीत नेली तर भाव लावणार कशाचा? मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात इंग्रजी शिकवते. ‘टेन्शन’ हा शब्द वापरूच नका असं माझं अजिबात म्हणणं नाही. तो आता आपल्या घरचा झाला आहे. पण त्याच्या आत काय भरलंय ते वेगळं काढता आलं पाहिजे. ते जमलं की मराठी नेमकी होते, इंग्रजी सुधारते आणि समोरच्या माणसाला काय हवंय तेही कळतं. मी वर्गात जसं शिकवते त्याच क्रमानं इथं लिहिते.

आधी शब्दाचं मूळ बघा

लॅटिन भाषेत ‘तेन्देरे’ म्हणजे ताणणे, त्यावरून ‘टेन्शन’ आला. संस्कृतात ‘तन्’ धातूचा अर्थही ताणणे, पसरणे असाच आहे. हे दोन्ही एकाच जुन्या मुळाचे कोंब आहेत. आपला ताण, ताणणे, तंतू, मागावरचा ताणा हे सगळे ‘तन्’चे नातेवाईक, म्हणजेच ‘टेन्शन’चे चुलत भाऊ. लग्नातला ‘टेन्ट’ म्हणजे ताणून बांधलेलं कापड, तोही त्याच घरातला. कवायतीतलं ‘अटेन्शन’ म्हणजे मन एका दिशेला ताणून धरणं. प्रेसचं वायर पुरत नाही म्हणून लावतो ते ‘एक्सटेन्शन’ म्हणजे ताणून लांब केलेलं.

मुलांना हे सांगताना मी दोन मुलांच्या हातात दोरीची दोन टोकं देते आणि मध्ये दप्तर अडकवते. दोरी ताठ होते, बोटं लाल होतात. “हे टेन्शन,” असं म्हटलं की पुढचं फार समजवावं लागत नाही. दोन बाजूंनी ओढ असली तरच दोरीत ताण येतो. माणसाचंही बरंच तसंच असतं. घर एका बाजूला ओढतं, वावर दुसऱ्या बाजूला.

पहिली पायरी: ‘टेन्शन’च्या मागचं क्रियापद ऐका

ही पायरी लोक सोडून देतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती इथंच असते. आपण ‘टेन्शन’ शब्द इंग्रजीतून घेतला, पण त्याला जोडलेली क्रियापदं अस्सल मराठी आहेत आणि ती बरंच सांगून जातात.

‘टेन्शन आलं’ म्हणजे काहीतरी नुकतं घडलं आहे. मोटर जळली, पोराचा फोन लागत नाही, बँकेतून कागद आला. इथं विचारायचा प्रश्न आहे, “काय झालं?”

‘टेन्शन आहे’ म्हणजे गोष्ट जुनी आहे, मुक्कामाला आलेली आहे. इथं “काय झालं?” विचारून उपयोग नाही, कारण नवीन काही झालेलंच नसतं. “कशाचं?” आणि “कधीपासून?” असं विचारा.

‘टेन्शन देतो’ म्हटलं की मध्ये दुसरा माणूस आहे. सासरा, साहेब, दारू पिणारा भाऊ, धुऱ्याला धुरा लागून असलेला शेजारी. इथं प्रश्न ‘कोण?’ असा असतो.

‘टेन्शन घेतो’ हे बहुधा दुसऱ्याबद्दल बोललं जातं. “लय टेन्शन घेते हो हे,” असं वहिनी भाऊंबद्दल सांगतात. या ‘घेणे’मध्ये एक दोष लपलेला आहे. फळीवर ठेवलेला डबा यानं स्वतःच्या हातानं उचलला, असा त्याचा सूर होतो. “टेन्शन नको घेऊ बाप्पा” हे आपण मायेनंच म्हणतो, पण ज्याचं सोयाबीन पावसात काळं पडलं त्याला ते ‘चूक तुझीच’ असं ऐकू येऊ शकतं. त्यानं काही घेतलेलं नाही, ते त्याच्या अंगावर आलेलं आहे. म्हणून अशा वेळी मी हे वाक्य टाळते. त्यापेक्षा “कसं करायचं ठरवलं, भाऊ?” एवढं विचारलेलं बरं.

‘टेन्शनमध्ये आहे’, आपल्याकडे ‘टेन्शनमदी राह्यते’. हा ‘मध्ये’ नीट ऐका. आलं, घेतलं, दिलं या सगळ्यांत माणूस वेगळा आणि टेन्शन वेगळं असतं. ‘मध्ये’ म्हटलं की माणूस आत बुडालेला आहे. आई, बायको किंवा मुलगा असं सांगत असेल तर चहा ठेवा आणि बसून ऐका. त्याबद्दल पुढं पुन्हा लिहिणार आहे.

दुसरी पायरी: नेमका शब्द शोधा

आता मराठी शब्दांकडे येऊ. हे सगळे शब्द एकमेकांच्या जागी चालतात असं पुस्तकातल्या समानार्थी शब्दांच्या यादीवरून वाटतं. पण तसं नाही, प्रत्येकाची जागा वेगळी आहे.

काळजी. या शब्दात माया आहे. ज्याच्याशी आपलं काही नातं आहे त्याचीच काळजी वाटते, मग ते लेकरू असो की गाभण गाय. शिवाय या शब्दाचे दोन रस्ते आहेत, ‘काळजी करणे’ आणि ‘काळजी घेणे’. पहिल्यात माणूस बसून राहतो, दुसऱ्यात तो उठून काहीतरी करतो. इंग्रजीत पहिल्याला ‘वरी’ आणि दुसऱ्याला ‘टेक केअर’ म्हणतात. गाडी सुटताना माय “काळजी घे” म्हणते. “टेन्शन घे” असं कोणी कोणाला म्हणेल का? क्रियापद तेच, ‘घेणे’, पण एकात आशीर्वाद आहे आणि दुसऱ्यात ओझं.

विवंचना. हा शब्द मुलं विसरत चालली आहेत याचं मला वाईट वाटतं, कारण आपल्या भागात त्याची गरज सर्वांत जास्त आहे. हाती पैसा थोडा आणि वाटा चार असतात. बियाणं आणू, खताचं देणं फेडू, पोराची फी भरू की सोसायटीचा हप्ता टाकू? डोक्यात हे गणित रात्रभर चालतं आणि कोणत्याही बाजूनं सुटत नाही, ती विवंचना. ‘उद्याचं कसं?’ हा तिचा प्रश्न. पहिल्या मुलाच्या बाबांचं टेन्शन हे होतं. विवंचना कळली की तिच्यावरची मदतही कळते. तिथं धीराच्या शब्दांपेक्षा कागद-पेन घेऊन हिशोब मांडून देणारा माणूस जास्त कामाचा असतो.

घोर. ‘मायच्या जिवाले घोर लागला’ यातला घोर. हा आत जाऊन बसतो. कामं चालू राहतात, सण होतात, पोळ्याला बैलही सजतात, पण आतली टोचणी थांबत नाही. लग्न न जमलेली लेक, पुण्याला गेलेला आणि फोन न करणारा मुलगा, हे घोराचे विषय.

धाकधूक. ही थोड्या दिवसांची पाहुणी. निकाल लागायच्या आधी, धूळपेरणी केल्यावर पाऊस येईपर्यंत, पाहुणे पाहून गेल्यावर निरोप येईपर्यंत. पुढं दोन दारं आहेत आणि कोणतं उघडेल ते ठाऊक नाही. एक दार उघडलं की धाकधूक संपते, मग बातमी वाईट का असेना. दुसऱ्या मुलीच्या घरी ही होती. निरोप आणखी महिनाभर आला नसता तर तिचाच घोर झाला असता.

धास्ती आणि धसका. या दोघांत लोक फार गल्लत करतात. धास्ती पुढच्या गोष्टीची असते, धोका अजून समोर उभा असतो. २०१८ साली राळेगाव-पांढरकवडा भागात अवनी वाघिणीची धास्ती होती. नोव्हेंबरमध्ये तिला मारलं गेलं तोवर माणसं एकट्यानं वावरात जायला कचरत होती. धसका मात्र होऊन गेलेल्या गोष्टीचा असतो. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भातला कापूस पोखरला. बाहेरून बोंड हिरवंगार दिसायचं आणि फोडलं की आत अळी आणि कुजकी सरकी. ज्यांनी ते पाहिलं त्यांनी त्याचा धसका घेतला. अजूनही काही जण धुऱ्यावर उभं राहून चांगलं दिसणारं बोंड अंगठ्यानं फोडून बघतात. अंगठा बोंडावर दाबताना त्यांचा श्वास क्षणभर थांबतो. मी तो थांबलेला श्वास जवळून पाहिला आहे. त्याला ‘टेन्शन’ म्हटलं की त्या माणसाच्या अंगावरून काय गेलं ते दिसतच नाही.

दडपण. वरून दाबणारं. मोठ्या माणसाचं, मोठ्या अपेक्षेचं, न येणाऱ्या भाषेचं. खेड्यातलं हुशार पोर अमरावतीच्या किंवा नागपूरच्या कॉलेजात जातं आणि वर्गात तोंड उघडत नाही. त्याला भीती कोणाची नसते, दडपण असतं. इंग्रजीत याला ‘प्रेशर’ बरंचसं जुळतं.

ताण. कामाचा असतो. कापूस वेचणीच्या दिवसांत बायका भल्या पहाटे स्वयंपाक उरकून वावरात जातात आणि अंधार पडल्यावर परत येऊन पुन्हा चुलीपुढं बसतात, तो ताण. ‘स्ट्रेस’ या इंग्रजी शब्दाला हाच जवळचा. ताणाला विश्रांती लागते. घोराला नुसत्या विश्रांतीनं काही होत नाही, उलट रिकामं बसलं की तो वाढतो.

तणाव. हा दोघांच्या किंवा दोन गटांच्या मधल्या जागेत राहतो. भावाभावांत धुऱ्यावरून तणाव, निवडणुकीनंतर गावात तणाव. बातमीत ‘तणावपूर्ण शांतता’ असते ती हीच. एकट्या माणसाबद्दल बोलताना मी ‘ताण’ म्हणते, दोघांबद्दल बोलताना ‘तणाव’. सगळेच हा भेद पाळत नाहीत, पण पाळला तर वाक्य स्वच्छ होतं.

राहिले वैताग, कटकट, डोक्याले ताप. सारखं लाइट जाणं, ऑनलाइन फॉर्मवर ओटीपी न येणं, यांना टेन्शन म्हणूच नका. ती कटकट आहे, रागावून मोकळं व्हा. आणि रुखरुख म्हणजे करायचं राहून गेलेल्या गोष्टीची मनातली खरखर.

तिसरी पायरी: अंग काय म्हणतं ते विचारा

काही माणसांना, विशेषतः मोठ्या वयाच्या पुरुषांना, मनाचा शब्द सांगता येत नाही. त्यांना शरीराचा शब्द सांगता येतो. पोटात गोळा आला, जीव खालवर होतो, छाती धडधडते, घास उतरत नाही, डोळ्याला डोळा लागत नाही, जीव टांगणीला लागला. यातला प्रत्येक शब्दप्रयोग एक खूण आहे. ‘पोटात गोळा’ बहुधा अचानक भीतीचा. ‘जीव टांगणीला’ वाट पाहण्याचा, म्हणजे धाकधुकीचा. ‘घास उतरत नाही’ हे घोराचं किंवा दुःखाचं. घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविका, म्हणजे आमच्या आशाताई, त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्या “काय टेन्शन हाये?” असं कधी विचारत नाहीत. “काका, झोप येते का?” असं विचारतात, आणि काका बोलायला लागतात.

चौथी पायरी: इंग्रजीत सांगताना

इथं आपली मुलं मार्क घालवतात. ‘आय हॅव टेन्शन’ आणि ‘डोन्ट टेक टेन्शन’ ही वाक्यं मराठी-हिंदी सांगाड्यावर इंग्रजी शब्द बसवून तयार झालेली आहेत. भारतात सगळ्यांना ती समजतात, परीक्षेत आणि मुलाखतीत मात्र खटकतात.

‘टेन्शन नको घेऊ’ला सरळ ‘डोन्ट वरी’ म्हणा. बाबांना कर्जाची विवंचना आहे तर ‘माय फादर इज वरीड अबाउट द लोन’. परीक्षेच्या आधी हात थरथरतात तर ‘आय ॲम नर्व्हस’. कामाचा ताण आहे तर ‘शी इज अंडर स्ट्रेस’, कोणाचं दडपण असेल तर ‘अंडर प्रेशर’. निकालाच्या धाकधुकीला ‘अँक्शस’ चालतो. ‘तो मला टेन्शन देतो’ याची दोन भाषांतरं होतात आणि दोन्ही अगदी वेगळी आहेत. त्याची काळजी वाटत असेल तर ‘ही वरीज मी’, त्याचा वैताग आला असेल तर ‘ही ॲनॉइज मी’. मराठीत आधी ठरवलं नाही तर इंग्रजीत काय लिहिणार?

मग इंग्रजीत ‘टेन्शन’ कुठं वापरायचा? दोन भावांमधल्या तणावासाठी, ‘देअर इज टेन्शन बिटवीन द टू ब्रदर्स’. आणि दोरीसाठी.

पाचवी पायरी: जिथं ‘टेन्शन’चा मनाशी संबंध नाही

विज्ञानाच्या पुस्तकात दोरीतला ताण आणि पाण्याचा पृष्ठताण येतो. तो नुसता बल आहे, मन त्यात नाही.

‘हायटेन्शन लाइन’ म्हणजे उच्चदाब वाहिनी. विजेच्या भाषेत टेन्शनचा अर्थ दाब, म्हणजे व्होल्टेज. गावाबाहेरून ११ केव्हीची लाइन जाते ती ११,००० व्होल्टची, आणि घरात येते ती साधारण २३० व्होल्टची. हा फरक फळ्यावर लिहून दाखवला की मुलं गप्प होतात. त्या तारेखाली कुटाराची गंजी लावू नये, उंच भरलेली कापसाची गाडी उभी करू नये, लोखंडी पाइप उभा धरून जाऊ नये. शब्द शिकवता शिकवता हेही सांगून घ्यावं.

आणि आता चौथ्या मुलीची गोष्ट, हिच्यासाठी थोडं थांबते. ‘हायपरटेन्शन’ म्हणजे ‘खूप जास्त टेन्शन’ नव्हे. त्याचा अर्थ उच्च रक्तदाब, रक्ताचा रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर पडणारा जास्तीचा दाब. वेगवेगळ्या वेळी मोजून रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त येत राहिला की डॉक्टर तसं निदान करतात. अगदी शांत, हसतमुख माणसालाही तो असू शकतो. वय, घराणं, जेवणातलं मीठ, वाढलेलं वजन, दारू ही त्याची कारणं. बऱ्याचदा त्याचं काहीच लक्षण दिसत नाही.

शब्दाच्या या गोंधळानं नुकसान होतं. त्या मुलीच्या बाबांनी कापूस विकला, देणं फिटलं आणि गोळी बंद केली. म्हणाले, “आता कायचं टेन्शन?” मनावरचं ओझं उतरलं हे खरं होतं, पण रक्ताचा दाब तिथंच होता. गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही, हे मी त्या मुलीला वहीत मोठ्या अक्षरात लिहून दिलं आणि बाबांना वाचून दाखवायला सांगितलं. खर्ऱ्याचंही तसंच आहे. “टेन्शन आलं की खर्रा खातो,” म्हणतात. तंबाखूतलं निकोटिन हृदयाचे ठोके आणि रक्तदाब दोन्ही वाढवतं. मन क्षणभर निवल्यासारखं वाटतं, पण नळीतला दाब चढतो.

सहावी पायरी: शब्द हिसकावून घेऊ नका

एवढं सगळं शिकल्यावर एक मोह होतो, समोरच्याला दुरुस्त करायचा. तो टाळा. पुष्कळदा माणूस ‘टेन्शन’ म्हणतो कारण ‘मला भीती वाटते’ असं त्याला म्हणता येत नाही. हा परका शब्द त्याला झाकायला दुपट्ट्यासारखा उपयोगी पडतो. तुम्ही मनातल्या मनात नेमका शब्द ओळखा, तोंडानं मात्र त्याचाच शब्द वापरा. “कर्जाचं टेन्शन का, भाऊ?” एवढं पुरतं.

आणि जे ‘टेन्शनमदी राह्यते’ असं सांगितलं जातं, त्याबरोबर ‘आता काही अर्थ नाही’, ‘माझ्याच्यानं होत नाही’, ‘मी नसलो तर बरं होईल’ अशी वाक्यं आली, तर ते टेन्शन या शब्दाच्या बाहेर गेलेलं आहे. तिथं समानार्थी शब्द शोधत बसू नका. माणसाला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं त्याच्या हाताशी ठेवू नका, मरणाचा विचार येतो का असं सरळ विचारा. सरळ विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ‘टेलीमानस’ या सरकारी सेवेचा नंबर १४४१६ आहे. रात्रीबेरात्री कधीही लागतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. आमच्या वर्गाच्या भिंतीवर हा नंबर खडूनं नाही, ऑइलपेंटनं लिहिलेला आहे.

सरावासाठी

घरी बसून हे करून बघा. आठवडाभर घरात कोणी ‘टेन्शन’ म्हटलं की वहीत ते वाक्य जसंच्या तसं लिहा, क्रियापदासकट. शेजारी तुम्हाला वाटतो तो मराठी शब्द लिहा आणि मग इंग्रजी वाक्य करा. सात-आठ वाक्यं झाली की घरातल्या मोठ्यांना दाखवा. आजीला नक्की दाखवा. ‘घोर’ आणि ‘धसका’ यांतला फरक मला कोणत्याही कोशापेक्षा आमच्या आजीनं चांगला समजावला होता.

माझ्या चौघांनी वह्या परत आणल्या. पहिल्यानं ‘वरीड अबाउट द लोन’ लिहिलं. दुसरीनं ‘वेटिंग’ आणि ‘अँक्शस’ दोन्ही शब्द नीट बसवले. चौथीनं ‘माय फादर हॅज हाय ब्लड प्रेशर. ही टेक्स हिज टॅबलेट एव्हरी मॉर्निंग’ असं लिहिलं, आणि ‘एव्हरी’खाली दोन रेघा ओढल्या.

तिसरा मात्र अडून बसला होता. त्यानं ‘माय फादर इज अफ्रेड ऑफ द टायगर’ लिहून खोडलं होतं. का, असं विचारलं तर म्हणाला, “बाबा भेत नाही, मॅडम.”

“मंग टेन्शन कोनाले हाये?”

तो बराच वेळ खोडरबर बोटात फिरवत उभा राहिला. मग बाकावर जाऊन बसला आणि लिहून आणलं, ‘माय फादर गोज टु द फील्ड एव्हरी नाइट. आय वरी अबाउट हिम.’